करार संपल्यानंतरची सकाळ

अकोल्याच्या एका सरकारी दवाखान्यातल्या डायलिसिस केंद्रात, बाबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून मी लॅपटॉपवर एक लेख वाचत होते. लेख दक्षिण अमेरिकेतल्या महामार्गांबद्दल होता. सरकार रस्ता खासगी कंपनीला बांधायला देतं, कंपनी तो बांधून काही वर्षं चालवते आणि मुदत संपली की सरकारला परत करते. हे परत करणं कागदावर जितकं सोपं दिसतं तितकं ते प्रत्यक्षात नसतं, असं लेखकाचं म्हणणं होतं. बाबांच्या हातातून निघालेली नळी मशीनमध्ये जात होती आणि दुसरी परत येत होती. बाबा डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते. झोपले की त्यांचं तोंड उघडं पडतं.

मशीनचा अलार्म वाजला म्हणून टेक्निशियन भाऊ आले. बटण दाबून त्यांनी तो बंद केला आणि जाता जाता हळूच म्हणाले, "ताई, तुमाले तं मालूम असंन. कंपनीचा करार संपून राहिला ना पुढच्या महिन्यात. मंग आमचं काय? आमाले तं कोनी काईच सांगून नाई राहिलं."

मला मालूम नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला.

ते केंद्र सरकारी दवाखान्यात होतं, पण सरकारचं नव्हतं. खोली, वीज, पाणी दवाखान्याचं; मशीन, औषधं, माणसं कंपनीची. रुग्णाला सगळं मोफत, आणि कंपनीला दर डायलिसिसमागे पैसे सरकार देई. याला आमच्या विषयात सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात, आणि या भागीदारीचा अभ्यास करणं हीच माझी नोकरी होती. अमरावतीत एका प्रकल्पावर मी संशोधन सहायक होते. जगभरातले रस्ते, बंदरं, पाणीयोजना, दवाखाने या पद्धतीने कसे चालले, कुठे बुडाले, कुठे तरले, यावर जे लिहिलं गेलं आहे ते वाचायचं, त्याची जुळणी करायची आणि शेवटी आपल्या विभागातलं एखादं उदाहरण घेऊन त्यावर प्रकरण लिहायचं. मी भाड्याच्या खोलीत अमरावतीला राहायचे. आई-बाबा दर्यापूरला. बाबांना आठवड्यातून तीनदा दर्यापूरहून अकोल्याला न्यावं लागे. त्यातल्या एका खेपेला मी जात असे, बाकी दोनदा आई.

बाबांनी आयुष्यभर काळीपिवळी जीप चालवली. दर्यापूर-अकोट, कधी दर्यापूर-अकोला. लोकांना कोंबून बसवायचं, टपावर पोती बांधायची आणि पूर्णा नदीचा पूल ओलांडून सुखरूप पोचवायचं. किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "इंजिन बदलता येत नसंन तं दुरुस्ती तं होईन ना?" डॉक्टर म्हणाले, दुरुस्ती नाही, फक्त ऑइल गाळायचं, तेही जन्मभर. बाबांना ते उत्तर आवडलं. ते पुढे सगळ्यांना असंच सांगत, "ऑइल गाळून आलो."

मी त्या केंद्राबद्दल वाईट बोलू शकत नव्हते. ते सुरू व्हायच्या आधी आमच्याकडच्या माणसाला डायलिसिस म्हणजे नागपूर. वस्तीतल्या विहाराजवळ राहणारे एक काका नागपूरला जाता-येताच थकले आणि पुढे गेलेच नाहीत. ते कसे सुजत गेले हे आम्ही पाहिलं होतं. त्यामुळे मला ही भागीदारी पुस्तकात कशीही दिसली तरी अकोल्यात ती बाबांच्या अंगातलं पाणी काढत होती, एवढं पुरेसं होतं.

पण ती संपणार होती. आणि संपण्याबद्दल मी नेमकं त्याच महिन्यात वाचत होते.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी स्थानिक प्रकरणासाठी ज्या ठिकाणांची निवड केली होती, त्यात हे केंद्रही होतं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की माझे वडील तिथे उपचार घेतात, करार संपतोय, आणि मला यावर शांत डोक्याने लिहिता येईल असं वाटत नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "शांत डोक्याने लिहिणाऱ्यांचं मी पुष्कळ वाचलंय," त्या म्हणाल्या. "तू लिही. पहिल्याच पानावर स्पष्ट लिही की तुझे वडील तिथले रुग्ण आहेत. आकडे मी तपासीन. आणि जिथे तुझा हात थरथरेल तिथे मला सांग."

मी खोलीवर येऊन पहिल्या पानावर आधी तेवढंच एक वाक्य लिहिलं.

जोखीम हा आमच्या विषयातला सगळ्यात आवडता शब्द. प्रत्येक करारात जोखमीचा तक्ता असतो. जमीन मिळायला उशीर झाला तर जोखीम सरकारची, बांधकाम रेंगाळलं तर कंपनीची, पूर आला तर दोघांची. जो जी जोखीम नीट पेलू शकतो त्याच्याकडे ती द्यावी, असं तत्त्व. मी युरोपातले, आशियातले, आफ्रिकेतले कितीतरी तक्ते वाचले होते. आता तेच वाचताना माझं लक्ष उजव्या रकान्यात जाई, आणि तिथे सरकार किंवा कंपनी या दोघांपैकीच कुणीतरी असे. पलंगावरचा माणूस कोणत्याच रकान्यात नसे. ब्रिटनमधल्या दवाखान्यांवर जाडजूड लेख होते, इमारत कुणाच्या पैशातून, देखभाल कुणाची, खर्च किती चढला. युरोपातल्या एका शहराने पाणीपुरवठा कंपनीकडून परत घेतला, त्याची भरपूर चर्चा. पण ज्या दिवशी परत घेतला त्या सकाळी नळाला पाणी कोणी सोडलं, हे मला कुठे सापडत नव्हतं. मी त्याच एका सकाळच्या मागे लागले. बसमध्ये, जेवताना, कपडे वाळत घालताना मला तीच दिसायची. मशीन आहेत, वीज आहे, पलंग आहेत आणि दाराला कुलूप आहे.

बाबांना मी हे सांगायचं टाळलं. पण आईने सांगितलं असावं. एका रविवारी मी घरी असताना त्यांनीच विषय काढला.

"मी बी भागीदारीत जीप घेतली होती एकडाव," ते म्हणाले. "बाजाराच्या दिवशी दोघाईलेबी चालवाची असे. पंक्चर झाली का मंग तो म्हने तुई गाडी अन् मी म्हनो तुई गाडी."

"मग काय केलं?"

"काय करतो? इकली." त्यांनी हात झटकला. "आता हे मशीन काई इकता येत नाई. तू काहून एवढा इच्यार करून राहिली? सरकार हाये, कंपनी हाये, कोनी ना कोनी करंनच."

बाबांचं हे 'कोणी ना कोणी' मला ओळखीचं होतं. रस्त्यात जीप बंद पडली तरी ते असंच म्हणत आणि खरंच कोणीतरी येई. मी मात्र अशा ठिकाणांबद्दल वाचत होते जिथे कोणी आलं नव्हतं.

संशोधनासाठी म्हणून मी हा करार सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची वेळ मागितली. अकोल्यातल्या त्यांच्या ऑफिसात ते सभ्यपणे बोलले. चहा मागवला. करार चांगला चालला, तक्रारी कमी, रुग्ण वाढले, असं सगळं सांगितलं. मी लिहून घेत होते. मग मी विचारलं, "साहेब, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन कोण सुरू करणार?"

"प्रस्ताव वर गेलेला आहे. मुदतवाढ येईल."

"नाही आली तर?"

"येईलच मॅडम. अशा गोष्टी शेवटच्या दिवशी येतात."

"शेवटच्या दिवशी आली नाही, दोन दिवसांनी आली, तर त्या दोन दिवसांत..." माझा आवाज कसातरीच झाला. ते माझ्याकडे पाहू लागले. मी पेन खाली ठेवलं. "माझे वडील तिथले पेशंट आहेत, साहेब. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं मी, म्हणून आता सांगते."

ते थोडे मागे टेकले. मला वाटलं, आता मुलाखत संपली. पण त्यांचा चेहरा मवाळ झाला. त्यांच्या सासऱ्यांनाही हाच आजार होता, ते म्हणाले. मग त्यांनी फोन उचलला, अमरावतीच्या एका केंद्रात कुणाशी तरी बोलले आणि फोन ठेवून मला म्हणाले, "त्या दिवशी दुपारी तिथे एक जागा ठेवायला सांगितली आहे. इकडे काही अडचण आलीच तर वडिलांना घेऊन सरळ तिकडे जा. रिपोर्ट सोबत ठेवा."

मी त्यांचे आभार मानले. खाली उतरल्यावर पायऱ्यांवरच थोडा वेळ उभी राहिले. छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरलं याचीच मला भीती वाटू लागली. एक जागा मिळाली होती. केंद्रात बाबांच्या पाळीला आमच्यासारखी किती माणसं येत होती ते मला माहीत होतं. प्रत्येकाच्या पलंगाजवळ पाण्याची छोटी बाटली, रुमाल आणि एक घाबरलेला नातेवाईक असायचा.

त्यानंतरच्या पाळीला मी सगळ्या नातेवाइकांना बाहेरच्या कट्ट्यावर गोळा केलं. भाषण करायची मला सवय नव्हती. करार म्हणजे काय, तो कधी संपतो, मुदतवाढ म्हणजे काय, हे मी जमेल तसं सांगितलं. अकोटच्या मावशींची सून पुढे बसली होती. मावशी म्हणजे समोरच्या पलंगावरच्या, कपाशीच्या जिनिंगमध्ये आयुष्य काढलेल्या. सुनेचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नसेल, पण सासूला अकोटहून बसने आणायचं काम तिचंच होतं.

"म्हंजे ताई, बंद होईन का चालू राहीन, एवढं सांगा," ती म्हणाली.

"मला माहीत नाही."

"तुमी तं याच्यातच शिकून राहिल्या ना?"

"हो. म्हणूनच माहीत नाही."

एकजण हसला, पण ती हसली नाही. शेवटी आम्ही सगळे मिळून साहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी तेच सांगितलं, प्रस्ताव वर गेलेला आहे. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. त्यात राग नव्हता. तुमची सोय केली होती ना, असं काहीतरी होतं.

त्या जागेबद्दल मी बाबांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते नको म्हणतील. ते म्हणाले, "भेटून राहिली तं घे. मी काय साधू हावो?" मला हलकं वाटलं.

मुदतीचा शेवटचा दिवस गेला. संध्याकाळपर्यंत आदेश आला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांची पाळी होती. मी दर्यापूरलाच मुक्कामाला होते. सकाळच्या पहिल्या बसने बाबा आणि मी निघालो. आईने रिपोर्टची पिशवी माझ्या हातात दिली आणि बाबांच्या गळ्याभोवती रुमाल नीट केला. रस्त्यात दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्याला गिअरबद्दल काहीतरी सुनावत होते. मी टेक्निशियन भाऊंना फोन लावत होते. ते उचलत नव्हते.

केंद्राच्या दाराला कुलूप होतं.

मी ते इतके दिवस डोळ्यांपुढे आणलं होतं की प्रत्यक्ष पाहिल्यावर मला धक्काच बसला नाही. दाराबाहेर माणसं बसली होती, उभी होती. टेक्निशियन भाऊही तिथेच होते, बाहेर, युनिफॉर्म घालून. चावी कंपनीच्या मॅनेजरकडे, मॅनेजर नागपूरला, आणि आदेशाशिवाय मशीनला हात लावायचा नाही असं त्याने बजावलेलं. "मी चालू करून देतो म्हटलं तं म्हने काई झालं तं जेलमधी जाशीन," भाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

मी साहेबांना फोन केला. ते मुंबईशी बोलत होते. दुपारपर्यंत होईल, म्हणाले. मग बाकीच्यांनी शहरातल्या खासगी दवाखान्यांत चौकशी सुरू केली. पण कालपासूनच लोक तिकडे धावले होते. जे धावू शकत होते त्यांनी जागा पकडल्या होत्या.

मी बाबांना म्हटलं, "चला, अमरावतीला निघू. आत्ता निघालो तर दुपारी पोचतो."

तेवढ्यात मावशींची सून माझ्याजवळ आली. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, ओठ उघडे, श्वास घेताना खांदे वर येत होते. मागची पाळी त्यांची चुकली होती. अकोटहून निघालेली बस बिघडली आणि पोचेपर्यंत त्यांची वेळ निघून गेली होती. मी आणि टेक्निशियन भाऊंनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून कॅज्युअल्टीत नेलं. बाबाही मागोमाग आले. तिथल्या तरुण डॉक्टरने त्यांना ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, छाती तपासली. मग बाबांनाही तपासलं.

"आजोबा, तुम्ही उद्यापर्यंत थांबू शकता, पाणी कमी प्या. या मावशींना मात्र आजच डायलिसिस लागेल. कुठे जागा आहे का तुमच्या माहितीत?"

माझ्या माहितीत होती. मी गप्प राहिले. सून माझ्याकडे पाहत नव्हती, तिला काही ठाऊकच नव्हतं. फक्त बाबा आणि मी. मी फरशीकडे पाहत होते आणि मनात एकच चाललं होतं, उद्यापर्यंत म्हणजे काय, उद्याही कुलूप असलं तर, डॉक्टर इतका लहान आहे, याला काय कळतं.

"अमरावतीले हाये," बाबा म्हणाले. "माह्या नावाची. पन नाव बदलता येईन का?"

"बाबा."

"काय बाबा? डाक्टरनं सांगतलं ना. मले उद्यापोत चालते, इले नाई चालत. मंग इच्यार कायचा करतं?"

मी बाहेर येऊन अमरावतीच्या केंद्रात फोन लावला. तिथल्या सिस्टरला सांगितलं की ज्यांच्यासाठी जागा ठेवली आहे त्यांच्याऐवजी दुसऱ्या बाई येतील. माझा आवाज इतका कापत होता की तिने मलाच विचारलं, पेशंट तुम्ही का? मग म्हणाली, "कावीळ-एचआयव्हीचे रिपोर्ट आहेत का नवे? असतील तर आणा. मशीन थांबवून ठेवते, पण उशीर करू नका." मावशींचे रिपोर्ट सुनेच्या पिशवीत होते.

सुनेला अमरावती माहीत नव्हती. तिचं माहेर चांदूर रेल्वे गावचं, पण अमरावतीत ती स्टेशनापलीकडे कधी गेली नव्हती. शिवाय ती जागा माझ्या शब्दावर होती. दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. डॉक्टरनेच खटपट करून ती लवकर काढली. मला जावं लागणार होतं आणि बाबांना एकट्याला मागे ठेवावं लागणार होतं.

ते बाकावर बसले होते, काठी दोन गुडघ्यांमध्ये. "जाय," ते म्हणाले. "मी काय लहान पोट्टं हावो? आन् हे पाय, ॲम्ब्युलन्सवाल्याले सांगजो, बडनेऱ्याच्या अलीकडं रस्ता खराब हाये, गाडी लय दाबू नको म्हना."

ॲम्ब्युलन्समध्ये मी आणि सून समोरासमोर बसलो, मध्ये मावशी. सायरनचा आवाज आतून वेगळाच लागतो, दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा असल्यासारखा. सून सासूचा हात धरून एकसारखी बोलत होती, "आत्या, आली अमरावती, आलीच आता," आणि आम्ही अजून मूर्तिजापूरसुद्धा ओलांडलं नव्हतं. मी बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला. "बसलो हावो," म्हणाले. पुढे पुन्हा लावला, तेव्हा वाजत राहिला. बडनेऱ्यापर्यंत मी लावतच राहिले. टेक्निशियन भाऊंचाही लागेना. आईला विचारावं तर तिला आजचं काहीच सांगितलेलं नव्हतं.

खिडकीबाहेर टोलनाका गेला. तोही असाच एक करार होता. मी त्याबद्दल टिपणं काढली होती, वाहनांचे अंदाज, वसुलीची मुदत. ॲम्ब्युलन्ससाठी बाजूची रांग मोकळी असते. गाडी न थांबता निघून गेली, आणि मला एकदम रडू आलं. सून घाबरली. "ताई, आत्याले काई झालं काय?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि डोळे पुसले. मावशींनी ऑक्सिजनच्या मास्कआडून माझ्याकडे पाहिलं आणि हात थोडा उचलला, मला थोपटायला असावा. पोचला नाही.

सिस्टरने शब्द पाळला होता. मशीन रिकामं होतं. मावशींना पलंगावर घेतलं, सुया टोचल्या, नळीत रक्त धावलं. सिस्टर म्हणाली, "आल्या वेळेत." मी बाहेर व्हरांड्यात आले आणि पुन्हा फोन लावला. बाबांचा वाजला, कोणी उचलला नाही. मग मी साहेबांना लावला. ते म्हणाले, आदेश आला आहे, मॅनेजरने फोनवरून दवाखान्याच्या ऑफिसातली दुसरी चावी द्यायला सांगितली, केंद्र सुरू झालं असावं.

असावं. त्या शब्दावर विसंबता येईना, मी पुन्हा भाऊंचा नंबर लावला.

मग टेक्निशियन भाऊंचा फोन आला. "ताई, किती मिसकॉल! मशीन लावून राहिलो होतो ना सगळ्याईले. तुमचे बाबा चालू हायेत. त्याईचा मोबाइल शर्टात हाये अन् शर्ट खुंटीले."

"ते बरे आहेत?"

"तोंड उघडं टाकून झोपले हायेत."

मी व्हरांड्यातच बसून राहिले. एक बाई मला पाणी हवं का विचारून गेली.

त्या संध्याकाळी आई अकोल्याला पोचली आणि बाबांना घरी घेऊन गेली. मावशी आणि सून माझ्या खोलीवर राहिल्या. मी खिचडी टाकली, मीठ न घालता, आणि मावशी दोन घास खाऊन म्हणाल्या, "पोरी, मीठच इसरली तू." सून आणि मी हसलो. दुसऱ्या दिवशी मी त्यांना अकोटच्या बसमध्ये बसवून दिलं.

आदेश थोड्या महिन्यांच्या मुदतवाढीचा होता. मग दुसरी मुदतवाढ आली, मग नवी निविदा, नवी कंपनी. या वेळी केंद्र बंद राहिलं नाही. जुन्या कंपनीची माणसं असतानाच नवी आली आणि दोघांनी एकत्र काम केलं. हे आम्ही सगळे त्या ऑफिसात जाऊन बसलो म्हणून झालं, की मॅडमनी त्या दिवसाबद्दल मी लिहिलेलं टिपण साहेबांना पाठवलं होतं म्हणून, की साहेबांना त्या कुलपाचीच लाज वाटली म्हणून, मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "प्रत्येक वेळी शिकतो आपण, मॅडम." टेक्निशियन भाऊंना नव्या कंपनीने ठेवून घेतलं.

मी प्रकरण लिहिलं. पहिल्या पानावर बाबांचा उल्लेख आहे. त्या सकाळबद्दल मी जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं आणि जे मला माहीत नव्हतं तेही लिहिलं. मॅडमनी दोन ठिकाणी खूण केली, तिथे माझा राग वाक्यात आला होता. एक मी बदललं. एक तसंच ठेवलं आणि त्यांनी ते चालवून घेतलं. एका चर्चासत्रात मी ते वाचलं तेव्हा कुणीतरी विचारलं की एका केंद्रावरून जगाबद्दल काय सांगता येतं. मी म्हटलं, फार नाही. मग खाली बसले आणि बराच वेळ मला वाटत राहिलं की आणखी काहीतरी बोलायला हवं होतं.

संत्र्याच्या दिवसांत मावशींनी अकोटहून पिशवीभर संत्री पाठवली. पथ्यामुळे ती बाबांना चालत नाहीत आणि मावशींनाही. बाबांनी एक हातात घेऊन वास घेतला आणि मला सोलून खायला लावलं, आपल्यासमोर.

नव्या करारालाही शेवट आहे. ती तारीख मला पाठ आहे, ती दूर आहे, आणि दर काही दिवसांनी मी ती मनात किती दूर आहे ते पाहते. मावशी अजून येतात, बाबा अजून जातात. पाळीच्या आदल्या दिवशी सुनेचा फोन येतो. ती कसं काय, बरं आहे का, असं काही विचारत नाही. "ताई, उद्या चालू हाये ना?" एवढंच. मी तिला थांब म्हणते, अकोल्याला केंद्रात फोन लावते, कोणी उचलेपर्यंत थांबते, आणि मग तिला सांगते.